सातातून रविवार वजा

कानबाईला कुणी बोलवावं लागत नाही, ती आपली येतेच. बोलवावं लागतं ते भाऊबंदांना, आणि आमच्या घरी घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या पहिल्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. देवी म्हणजे नारळच, पण त्याला नथ, डोळे, दागिने, नवी साडी अशी सजवतात की लहानपणी मला तिच्याकडे पाठ करून बसायची भीती वाटायची. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, धुऊन पुसून ठेवलेल्या चक्कीत दळायचे आणि त्याचे रोट करायचे. पुरुषाच्याच नावाने बरं का! दळायचं, थापायचं, भाजायचं बायकांनी, मूठ मात्र पुरुषाची. रोट भाऊबंदांनीच खायचे, पुनवेच्या आत संपवायचे, बाहेरच्याच्या तोंडात कण जाऊ द्यायचा नाही. म्हणून जवळचा भाऊबंद त्या दिवशी आला नाही, तर त्याची रिकामी जागा सगळ्या गल्लीला दिसते. आमच्या घरात ती जागा सुभाषकाकांची होती. ते माझ्या वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. आम्ही इथे गुजरातेत, लिंबायतीत, ते जवळच चलथाणला, साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या चालवायचे. सकाळी निघालं तर चहाच्या वेळेला पोचता येईल एवढंच अंतर, आणि कित्येक श्रावण झाले, काका आले नव्हते.

भांडण जमिनीचं नव्हतं, पैशाचंही नव्हतं. भांडण कानबाईचं होतं. आमच्या घरातला नारळ पिढ्यांचा, आजोबांच्या मागे तो आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आला. काकांना उशिरा मुलगा झाला. नवस होता. त्यांनी म्हटलं, एक वर्ष कानबाई चलथाणला बसू दे. आबांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, "कानबाई मोठाना घरच बठस. तिले भाडोत्रीनामायक फिरावतस नही." काका हात न धुता ताटावरून उठले. "मंग मी बी आते तुना उंबरठा चढाव नही," असं म्हणाले आणि शब्दाला जागले. आबाही जागले, त्यांनी बोलावणं धाडलं नाही. दोघांचं नाक इतकं सारखं होतं की दोघांना एकाच माऊलीने जन्म दिलाय हे वेगळं सांगायला नको होतं. काकांची मनीषा माझ्याच वयाची. ती आणि मी मात्र चोरून फोनवर बोलायचो, ती चलथाणच्या एसटीडी बूथवरून आणि मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानातून. दर वर्षी ती एकच विचारायची, "या वर्षी कधी आहे गं? पप्पा कॅलेंडर बघतात आणि काही बोलत नाहीत."

माझी मोठी बहीण, आक्का, तेव्हा उधन्याच्या एका कम्प्युटर क्लासला जायची. आमची एक खोली आणि वरचा माळा. भिंतीला भिंत लागून यंत्रमागांचा कारखाना, दिवसभर खटाखट खटाखट. आम्ही सगळे मोठ्याने बोलणारे झालो ते या मागांमुळे. आजही मी फोनवर बोलते तेव्हा माझा मुलगा म्हणतो, आई, फोनशिवायही ऐकू गेलं असतं. तर त्या खटाखटीत आक्का पाटावर वही ठेवून प्रोग्राम लिहायची आणि दुसऱ्या दिवशी क्लासात जाऊन मशीनवर चढवायची. तिने एक वेब पेज केलं. वर्ष टाकायचं, की त्या वर्षी कानबाई कधी ते यायचं. पंचांगातल्या नागपंचमीच्या तारखा तिने आत भरल्या होत्या. पीएचपी नावाच्या भाषेत तारखेची फंक्शनं तयार मिळतात. तारीख दिली की ती वाराचा आकडा देते, रविवारला शून्य, सोमवारला एक, असं करत शनिवारला सहा. आक्काने मला समजावलं होतं. नागपंचमीच्या वाराचा आकडा सातातून वजा कर, उरेल त्याला साताने भागून बाकी घे, तेवढे दिवस पुढे गेलीस की रविवार. नागपंचमी बुधवारी असली तर आकडा तीन, सातातून तीन गेले चार, चार दिवसांनी रविवार. मी बोटांवर मोजून बघितलं आणि थक्क झाले. लिंबायतीत त्या पेजची कुणालाच गरज नव्हती, इथे चक्कीवालाही कानबाईची तारीख सांगतो. पण मनीषा कडोदऱ्याच्या सायबर कॅफेत जायची. आक्का म्हणाली, तिला पत्ता दे. मी दिला. ज्याला तोंडाने विचारता येत नाही त्याला गुपचूप बघता येईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. काका येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी नागपंचमी नेमकी रविवारी आली. गल्लीत आठवडाभर तोच विषय. काही घरं म्हणाली, त्याच दिवशी बसवू, रविवार तो रविवार. आमच्याकडे तो प्रश्नच नव्हता. नागपंचमीला आमच्या घरात तवा चढत नाही, विळी उघडत नाही, जातं फिरत नाही. मग रोट कशावर भाजणार, डोक्यावर? आमची कानबाई पुढच्या रविवारी, हे आबा, माय आणि भिंतसुद्धा जाणून होती. नागपंचमीच्या सकाळी आबांनी नाश्त्याला लोचो, म्हणजे डाळीचा मऊ ढोकळा, आणला. गुजराती लोकांची नागपंचमी पंधरा दिवसांनी असते, त्यामुळे त्यांची दुकानं त्या दिवशी मस्त चालू, आणि लोचो तर उकडलेलाच. धर्मही राहिला आणि पोटही. माय मात्र पहाटेपासून पुरणाच्या दिंडांना लागली होती. तिने कानबाईलाच निघणारं मोठं पातेलं फळीवरून काढलं. पुरण भरून घड्या घालता घालता माझी बोटं आखडली. मी करवादले, "माय, आपण पाच माणसंही नाही, एवढी कोण खाणार?" ती वर न बघता म्हणाली, "व्हऊ दे. सनना दिवस शे, दारशी कोनी उनं ते?" दारी कुणी आलं तर, म्हणे.

दुपार होत आली होती. आबा बनियनवर, खाटेवर पाय पसरून. लाइट गेली होती, त्यामुळे माग बंद होते, आणि त्या शांततेत जिन्यावर पावलं वाजली. दार उघडंच होतं. दारात सुभाषकाका! पांढरा इस्त्रीचा शर्ट, पायात कोऱ्या करकरीत कातडी चपला, हातात फडकं बांधलेला पितळी डबा, म्हणजे त्यांच्या घरच्या मुठींचे गहू. मागे काकू, जरीच्या लुगड्यात, त्यांच्यामागे मनीषा, आणि तिच्या हाताला धरून तो नवसाचा मुलगा, ज्याला आम्ही पाळण्यात बघितल्यावर परत बघितलंच नव्हतं. मी हातातलं दिंड खाली टाकलं. अक्षरशः टाकलं, पुरण फरशीवर पसरलं. आबा उठून बसले. मी माझ्या बापाला मागावर बोट चिरलं तेव्हा बघितलंय, आजोबा गेले तेव्हाही बघितलंय, पण असा पांढराफटक झालेला त्या दिवसाआधी कधी बघितला नव्हता.

काकांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत आले, डबा देवळीसमोर ठेवला आणि इकडे तिकडे बघितलं. चौरंग नाही. फुलं नाहीत. साडी नेसलेला नारळ नाही. पाहुणे नाहीत. एका कोपऱ्यात लोचोचा कागद. आक्का पाहुण्यांसाठी टाकीवरून पाण्याचा तांब्या भरून घेऊन आली.

"कानबाई कोठे शे?" त्यांनी विचारलं.

आबा म्हणाले, "आज? आज ते नागपंचमी शे."

काकूंनी मनीषाकडे बघितलं, मनीषाने माझ्याकडे, आणि मी आक्काकडे. मनीषा रडवेली होऊन सांगू लागली की तिने स्वतः बघितलं, दोनदा बघितलं, आक्काच्या पेजवर आजचीच तारीख होती. काकांचा चेहरा आधी उतरला आणि मग लाल झाला. एवढ्या वर्षांनी माणूस आपला शब्द मोडून, बायकापोरांना नटवून, गल्लीतल्या सगळ्या ओट्यांसमोरून चालत येतो आणि घरात देवीच नाही! मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. "माले येडा बनाई ऱ्हायनात का तुम्ही?" ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, तेच जास्त भयंकर होतं.

आक्का पुढे झाली. "काका, चूक माझी. आबांना काही माहीत नाही." तिने दाराच्या फळीवर खडूने आकडे काढून दाखवले. रविवारचा आकडा शून्य. सातातून शून्य गेले सात. साताला साताने भागलं, बाकी शून्य. म्हणजे शून्य दिवस पुढे, म्हणजे आजच. बाकीच्या सहा वारांना बरोबर येतं, एकट्या रविवारी फसतं. काकांनी ते आकडे बघितले आणि मान हलवली. "मशीन कसं चुकस? चुकस तो मानूस." त्यांना वाटलं पोरीला पुढे केलंय. ते वळले, दाराबाहेर गेले, आणि तिथेच थांबले. चपला नव्हत्या. काकूंच्या होत्या, पोरांच्या होत्या, काकांच्या कोऱ्या चपला गायब. गल्लीत एक लाल कुत्रं होतं, कातड्याला सोकावलेलं. सगळ्यांनी त्यालाच शिव्या घातल्या. आबांनी आपल्या चपला पायाने पुढे सरकवल्या. काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पाय मागे घेतला. थोरल्या भावाच्या चपलेत पाय घालायचा नाही, एवढी रीत ते रागातही पाळत होते. आणि अनवाणी, हात हलवत, सगळ्या लिंबायतीसमोरून परत जाणार कसं?

त्या अवघडलेपणात आबांचा राग कुठेतरी निघायचाच होता, तो आक्कावर निघाला. "सकायपाईन तुना कलास बंद! घरनी अब्रू काढी टाकी!" आक्का खाली बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी. क्लास म्हणजे तिचा जीव होता. आमच्या गल्लीत बारावीनंतर पोरी साड्यांना टिकल्या लावायला बसायच्या, आणि ही एकटी रोज उधन्याला जायची. मी रडायला लागले. आणि तेवढ्यात दारातून काका गरजले, "पोरवर काबर खेकसस? तिना कलास बंद व्हयना ते मी आत्तेच चालनू!"

जाणारा माणूस जायची धमकी देत होता! पण इतक्या वर्षांत भावाला उद्देशून तोंडातून निघालेलं त्यांचं ते पहिलं धड वाक्य होतं, आणि ते आबांच्या ध्यानात आलं. आबा खाटेवर बसले. गुडघे चोळू लागले. मग म्हणाले, "सुभाष, तुले माहीत नही का, आपला घर नागपंचमीले तवा चढस नही?"

"माहीत शे."

"मंग?"

"माले वाटनं, तू रीत बदली टाकी. माले नही विचारता."

"मंग उना कसा?"

काका उंबरठ्याच्या आत होते की बाहेर, मला नीट आठवत नाही. आठवतं ते त्यांचं उत्तर. "तरी उनू." तरी आलो.

आबांनी पंचा तोंडावर धरला. आमचा बाप, जो मागावर बारा तास उभा राहूनही हूं की चूं करायचा नाही, तो पंच्यात तोंड घालून हुंदके देत होता. काकू पदराआड, मनीषा आणि मी एकमेकींच्या गळ्यात. नवसाचा मुलगा तेवढा शांतपणे उरलेला लोचो खात होता. त्या सगळ्यात एकटी माय स्थिर होती. तिने डबा उचलून देवळीत ठेवला आणि म्हणाली, "मुठी लिसन निंघेल डबा आल्या पावलं घर जास नही. कानबाई बठस तवपावत आठेच ऱ्हास. डबा बी आनि डबावाला बी." मुठींचा डबा आला की कानबाई बसेपर्यंत डब्याने आणि आणणाऱ्यानेही राहायचं, अशी रीत मी त्याआधी ऐकली नव्हती, नंतरही कुणाकडून ऐकली नाही. पण मायने ती अशा ठसक्यात सांगितली की विचारायची कुणाची छाती झाली नाही. मग तिने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि सगळ्यांना दिंडं वाढली, वर तुपाची धार.

काका आठ दिवस राहिले. पावसाळ्यात ऊस नाही, गाड्या उभ्या, त्यामुळे ते मोकळेच होते. एका खोलीत आणि माळ्यावर एवढी माणसं. पाण्याला रांग, पाटाला रांग, आरशाला तर विचारूच नका. पहिले दोन दिवस भाऊ भावाशी पोरांमार्फत बोलले, "तुझ्या पप्पांना म्हणावं चहा थंड होतोय." मग काका आबांबरोबर कारखान्यात जाऊ लागले. मागांच्या खटाखटीत निरोप चालत नाहीत, तिथे थेट ओरडावंच लागतं. तिथे त्यांचं काय बोलणं झालं देव जाणे, पण एका संध्याकाळी दोघं एकाच पानाच्या गादीवरून ओठ लाल करून आले आणि मायने तोंड फिरवून हसून घेतलं. रविवारी कानबाई बसली. सोमवारी तिला नदीवर नेऊन परत आणताना आबांनी नारळ काकांच्या हातात दिला, म्हणाले, पुढच्या वर्षी चलथाणला. त्याच दिवशी पाण्याच्या टाकीमागे काकांच्या चपला सापडल्या. दातांचा एक ओरखडाही नव्हता, आणि आनंदात कुणी त्याचा विचारही केला नाही.

क्लास वाचला, पण आक्काचं नाव पडलं ते पडलंच. भाऊबंदात ती कायमची "आठ दिवस आधीची वैशाली" झाली. तिच्या लग्नात काका मांडवात मोठ्याने म्हणाले होते, "मुहूर्त मशीनवर काढला नाही ना रे?" सगळा मांडव हसला, आक्काही हसली. पुढे ती पुण्यात मोठ्या कंपनीत गेली, हाताखाली माणसं आली, तरी दर श्रावणात कुणी ना कुणी फोन करून तिला चिडवायचं. ती कधी चिडली नाही. माय आणि आबा दोघेही आता नाहीत. काका आहेत, थकलेत.

मी स्वतः इथेच राहिले आणि मुलींना कम्प्युटर शिकवते. तारखेचा धडा आला की आक्काच्या चुकीची गोष्ट सांगते, पोरींना ती फार आवडते. परवा गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण बाकी घ्यायचीच कशाला? सातातून नुसतं वजा केलं तरी सगळे वार बरोबर येतात. रविवारी सात येतात, म्हणजे पुढचा रविवार. तुम्हाला तोच तर हवा होता." मी फळ्याकडे वळले. सोमवार, सहा. मंगळवार, पाच. बुधवार, चार. सगळं बरोबर. रविवार, सात, तेही बरोबर. इतकी वर्षं शिकवतेय आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही! नुसत्या वजाबाकीत चूक नव्हतीच. चूक व्हायला आक्काला एक पायरी मुद्दाम जास्तीची लिहावी लागली होती, जी त्या एकट्या रविवारीच फरक पाडते.

मी वर्गातून बाहेर येऊन तिथेच पॅसेजमध्ये तिला फोन लावला. "आक्का, तू बाकी का घेतली होतीस गं?"

ती हसली. "एवढी वर्षं लागली तुला?"

मी पायरीवर बसले. ती म्हणाली, आधी तिने नुसती वजाबाकीच लिहिली होती. मग कानबाईच्या दिवशी काका आले तर काय होईल, असा विचार झाला. पन्नास माणसांत येतील, पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसतील, रोट खातील, तासाभरात निघून जातील, आणि भाऊ भावाकडे मान वर करून बघणारही नाही. आठ दिवस आधी आले तर घरात गर्दी नाही, बोलण्याशिवाय गत्यंतर नाही.

"आणि ते तसेच परत गेले असते तर? कायमचे?"

"म्हणून तर चपला मी टाकीमागे टाकल्या."

एवढ्या शिव्या खाल्ल्यास, आबा क्लास बंद करायला निघाले, मांडवभर हसं झालं, आणि तू एकदाही सांगितलं नाहीस? मी जवळजवळ ओरडलेच. "एवढं डोकं तुझं चाललं कसं त्या वयात?"

"माझं कुठे? मी आपली बरोबर तारीख काढून मायला कौतुकाने दाखवत होते. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'तुना त्या मशीनले एक रविवार आंगे सरकता येस का?' एक रविवार अलीकडे!"

फोन ठेवल्यावर मी पॅसेजमध्येच बसून राहिले. वर्गात पोरींचा गलका चालला होता. फरशीवर टाकलेलं ते एक दिंड सोडलं, तर मायने पहाटेच मोठं पातेलं काढून केलेली दिंडं त्या दुपारी सगळ्यांना पुरून दोन उरली होती.